राखलेले रक्त

आमच्या क्वेचुआ भाषेत तिंकू या शब्दाचा अर्थ भेट. शहरातले लोक त्याचा अर्थ मारामारी असा करतात, आणि त्यांना फारसा दोष देता येत नाही. कारण मे महिन्यात, क्रूसाच्या सणाला, सान खासिंतो गावाच्या चौकात त्यांना दिसते ती मारामारीच. वरल्या खेड्यांची माणसे डोंगर उतरून येतात, खालच्या खेड्यांची दरी चढून येतात, चर्चसमोर एकमेकांची नाके फोडतात आणि सुजलेल्या तोंडांनी घरी परततात. परंतु दोन नद्या जिथे मिळतात त्या जागेलाही आमच्याकडे तिंकूच म्हणतात, आणि नद्या मिळतात तेव्हा पाणी काही शांत नसते. लिनोला या शब्दात वाद घालण्यासारखे काही आहे असे कधी वाटलेच नव्हते. त्याच्या आयुष्यातली सर्वांत मोठी भेट त्याच चौकात झाली होती आणि तिची खूण म्हणून त्याचा पुढचा दात अर्धा होता.

तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. थोरांच्या लढती सुरू होण्याआधी पोरासोरांना रिंगणात सोडायची रीत आहे. खालच्या खेड्यांकडून त्याच्याच उंचीचा एक मुलगा पुढे आला. बापाचे बैलाच्या कातड्याचे शिरस्त्राण त्याच्या नाकापर्यंत आले होते, आणि समोरचे काही दिसत नसल्यामुळेच की काय, तो विलक्षण धैर्याने हात फिरवीत होता. त्याने लिनोचा दात मोडला. लिनोने त्याचे नाक फोडले. दोघांचे रक्त एकाच ठिकाणी पडले, आणि लिनोचा काका देमेत्रियो याने दोघांच्या माना धरून त्यांना एकमेकांच्या गळ्यात घातले. कारण लढतीनंतर गळाभेट झाली नाही तर पाचामामाला, म्हणजे धरणीमातेला, दिलेले रक्त नासते. तो मुलगा रडत रडत हसत होता. "तुझा दात माझ्या बोटात रुतलाय," तो म्हणाला. त्याचे नाव कालिस्तो. मैत्री जुळायला याहून पुष्कळ कमी कारणे पुरलेली आहेत.

पुढे दोघे एकाच शाळेत गेले, कारण दोन्हीकडच्या खेड्यांना मिळून शाळा एकच होती. एका बाकावर बसले, एकाच फडक्यातले भाजके मके खाल्ले. भांडणे होत, नाही असे नाही. कोणी कोणाची ओझ्याची लामा रस्ता चुकवून पळवली, कोणी कोणाच्या बहिणीवर गाणे रचले. पण भांडण हातघाईवर येऊ लागले की दोघांपैकी एक म्हणे, "मेमध्ये बघू," आणि विषय तिथेच थांबे. मेमध्ये ते खरोखरच बघत. वर्षाचे सारे राहून गेलेले रिंगणात उतरे, नाकातोंडातून वाहून जाई, आणि गळाभेट घेताना दोघेही धुतल्यासारखे मोकळे असत. ज्यांना ही व्यवस्था रानटी वाटते त्यांनी आपली वैरे आपण कुठे साठवतो हे एकदा तपासून पाहावे.

मग कालिस्तोच्या बापाला कोचाबांबा शहरात गवंडीकाम मिळाले आणि बिऱ्हाड गेले. पहिल्या मेमध्ये कालिस्तो आला नाही. लिनो एका परक्या मुलाशी लढला. मार नीट बसला, रक्तही नीट पडले. पण गळाभेट घेताना त्या मुलाच्या घामाचा अनोळखी वास आला आणि लिनोला रडू कोसळले. लोक म्हणाले, दुखते आहे. दुसऱ्या वर्षीही तेच झाले. मधल्या काळात फोन होता. रेंजसाठी लिनो कड्यावरच्या खिंडीपर्यंत चढे. आरंभी कालिस्तोचे लांबलचक बोललेले निरोप येत. मग नुसते फोटो येऊ लागले, कधी हातमोजे घातलेला कालिस्तो, कधी लोंबत्या पोत्याला गुद्दे मारणारा कालिस्तो. पुढे तेही थांबले, आणि लिनोने काहीही पाठवले तरी उत्तरादाखल एक उभा अंगठा येऊ लागला. उभ्या अंगठ्यावरून माणूस आपला आहे की नाही हे ठरवता येत नाही. गुद्द्यावरून ठरवता येते. अंगावर बसणाऱ्या गुद्द्यात कोणाला खोटे बोलता येत नाही, अशी लिनोची सोळाव्या वर्षी ठाम समजूत होती, आणि म्हणून या वर्षी जेव्हा "येतोय" एवढाच शब्द आला, तेव्हा त्याने ठरवले की काय ते चौकात कळेल. कालिस्तो अजून त्याचा होता की नव्हता, इतकेच त्याला जाणून घ्यायचे होते.

सकाळी दोघे चर्चच्या मागच्या भिंतीपाशी भेटले. कालिस्तोचे केस बाजूंनी पार भादरलेले होते, पायांत पांढरे बूट होते, आणि चालताना तो टाचा टेकवीतच नव्हता.

"काय रे हे, किती वाळलास," तो लिनोच्या खांद्यावर थोपटत म्हणाला. "घरी खायला घालत नाहीत का?"

"घालतात की. वाळके बटाटे. तुमच्यासारखी रोज कोंबडी कुठली आम्हांला?"

"आम्हांला तीही उकडलेलीच. मीठ नाही, तेल नाही. वस्ताद वजन बघतात."

लिनोने वस्ताद कोण म्हणून विचारले आणि मग त्याला बराच वेळ ऐकावे लागले. शहरातल्या तालमीत कालिस्तो मुष्टियुद्ध शिकत होता. वस्तादांच्या मते असा डावा हात त्यांनी दहा वर्षांत पाहिला नव्हता. येत्या शनिवारी प्रांताच्या संघाची निवड होती. निवड झाली की राहायला खोली, जेवण, शाळा, सारे संघाकडून. बापाचा पाय परांचीवरून घसरून मोडला होता आणि घरात बाकी कोणी मिळवते नव्हते. हे सर्व त्याने तक्रारीच्या नव्हे, हिशेबी माणसाच्या स्वरात सांगितले. मग त्याने बोट आपल्या डाव्या भुवईवर ठेवले.

"इथं एक टाका पडला ना, की डॉक्टर उभासुद्धा करत नाही. वस्ताद तर म्हणाले, जाऊच नकोस तिकडं. पण आजीनं बोलून ठेवलंय, यंदा नातू उतरणार. नाही उतरलो तर म्हातारी वर्षभर जमिनीची माफी मागत बसेल."

"मग?"

"मग आपण दोघं उतरू. तोंड सोडून. तू माझ्या पोटात मार, मी तुझ्या पोटात मारतो. जरा लोळू, गळ्यात पडू, झालं."

"आणि रक्त?"

कालिस्तो हसला. "ते बाकीचे सांडतीलच की. कमी पडणार आहे का आज इथं?"

लिनो "बरं" म्हणाला. तो खोटे बोलला असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्याला खरोखर वाटले की एकदा रिंगणात उभे राहिले, पाव्यांचा तो खोल, छातीत घुमणारा सूर सुरू झाला, की ही बोलणी आपोआप गळून पडतील आणि समोर जुना कालिस्तो उभा राहील. म्हणजे त्याने वचन दिले ते पाळण्यासाठी नव्हे, तर समोरचाच ते मोडील या भरवशावर दिले. अशा वचनाला काय म्हणावे हे मात्र त्याने स्वतःला विचारले नाही.

दुपार होईतो चौक भरला. वरल्यांचा जथा पावे वाजवीत, टाचा आपटीत चर्चला वळसा घालून आला. खालच्यांचा त्याला भिडला. पोरी घोळका करून वरच्या पट्टीत गात होत्या आणि गाण्यांतून समोरच्या पोरांच्या आयाबहिणींचा उद्धार करीत होत्या. त्यांच्यात लिनोची चुलतबहीण बेनिता सर्वांत पुढे होती. तिची स्वतःची लढत सकाळीच झाली होती, आणि एक डोळा मिटलेला असूनही तिची जीभ पूर्ण उघडी होती. आंबवलेल्या मक्याच्या चिचा दारूचे वाडगे हातोहात फिरत होते. पिण्याआधी प्रत्येक जण थोडी जमिनीवर ओतीत होता. पोलिस भिंतीला पाठ लावून उभे होते.

देमेत्रियो काकाने चाबूक फिरवून रिंगण मोकळे केले आणि लिनोला पुढे ढकलले. समोरून कालिस्तो आला. दोघांनी मुठींवर लोकरी पट्ट्या गुंडाळल्या होत्या. लिनोने आमच्या रिवाजाप्रमाणे छाती पुढे काढली, हात मागे नेला आणि तो गोफणीसारखा भिरकावून दिला.

तो हवेत गेला. कालिस्तो होता तिथे नव्हता. त्याने मान किंचित झुकवली होती आणि दोन्ही मुठी गालांपाशी उभ्या धरल्या होत्या. लिनोने दुसरा हात फेकला, तोही गेला. तिसऱ्या वेळी तो स्वतःच्याच जोराने फिरला, आणि त्याच क्षणी कालिस्तोचा डावा हात त्याच्या बरगड्यांखाली असा शिरला की लिनोला आपल्या आत यकृत नावाचा अवयव आहे हे प्रथमच समजले. त्याचे गुडघे आपोआप टेकले. तोंड उघडे होते आणि त्यातून श्वास आतही जात नव्हता आणि बाहेरही येत नव्हता. पापण्यांआड सारा चौक हिरवा झाला.

तो उठला. पुन्हा हात फेकला. पुन्हा तोच डावा हात, तीच जागा. या वेळी तो कुशीवर पडला आणि त्याने चिचा ओकली. कालिस्तो मागे सरून चवड्यांवर झुलत वाट पाहत होता. त्याला घामही आला नव्हता.

गर्दीतून आधी हसू आले, मग कुजबूज, आणि मग काही वेगळेच. आमच्या चौकात कोणी कधी चेहरा झाकलेला नाही. चेहरा पुढे करायचा असतो. घेण्यासाठी आणि देण्यासाठी. जो सगळे चुकवतो तो जमिनीच्या तोंडचा घास काढून घेतो.

"काय रे, नवरी आहेस का?" बेनिता ओरडली. "घुंगट काढ की जरा!"

खालच्यांच्या बाजूनेही कोणी तिला उलट उत्तर दिले नाही. त्यांची तोंडे पडली होती. आपला पोरगा जिंकतो आहे आणि आपलीच लाज जाते आहे, असा प्रसंग त्यांच्यावर पूर्वी आलेला नव्हता.

लिनो तिसऱ्यांदा उठला. त्याने आता हात फेकलेच नाहीत. चेहरा पुढे काढून, दोन्ही हात सोडून, तो चालत गेला. गुद्दा त्याला हवा होता. नाकावर, ओठावर, कुठेही. कालिस्तोने त्याच्या डोळ्यांत पाहिले, त्याला समजले, आणि त्याने पुन्हा पोटातच मारले. हळू मारले. लहान पोराला मारावे तसे. ते हळू मारणे लिनोला आधीच्या दोन्ही गुद्द्यांपेक्षा आत लागले.

देमेत्रियो काका चाबूक आडवा धरून मध्ये आला. त्याने जमिनीकडे पाहिले. फरशी कोरडी होती.

"थेंबसुद्धा नाही," तो म्हणाला. "ही कसली भेट? चला, गळ्यात पडा आणि निघा इथून."

कालिस्तो पुढे झाला. त्याने लिनोला घट्ट धरले, आणि कानापाशी तोंड नेऊन, अगदी मनापासून, एखादे मोलाचे गुपित द्यावे तसे म्हणाला, "बघ. जपलं की नाही तुला?"

तो खरेच बोलत होता, यात शंका नाही. त्याने मनात आणले असते तर लिनोचा जबडा पहिल्याच गुद्द्यात लोंबला असता. शहरात तो ज्या विद्येत वाढला होता तीत न फोडणे हीच माया होती. आणि डोंगरावर लिनो ज्या विद्येत वाढला होता तीत जपणे म्हणजे परके मानणे. पाहुण्याला जपतात; भिकाऱ्याला जपतात. लिनोने त्याला छातीवर हात देऊन ढकलून दिले.

एवढ्यात चौकाच्या दुसऱ्या टोकाला खालच्यांच्या एका म्हाताऱ्याच्या डोक्यात दगड बसला. कोणी मारला हे तेव्हाही कळले नाही आणि पुढेही कळले नाही. एका लढतीत रक्त आखडले गेले होते आणि गर्दीला ते सलत होते, असे नंतर पुष्कळ जण म्हणाले. मला स्वतःला वाटते की दगड मारणाऱ्यांना कारण लागत नाही. दोन्ही जथे एकमेकांवर कोसळले. रिंगण मिटले. दगड वरून पडत होते, खालून उडत होते; एक माणूस चर्चच्या पायरीवर बसून आपला कान हातात घेऊन पाहत होता; बेनिता कोणाच्या तरी वेणीला लोंबकळत होती. पोलिसांनी अश्रुधूर सोडला. पांढरा धूर फरशीवरून सरपटत आला आणि माणसे खोकत, रडत, पण मारीतच राहिली.

लिनो रांगत होता. त्याच्या हाताला दगड लागला तेव्हा त्याने तो शोधलेला नव्हता. पण उचलला तो त्याने स्वतः, आणि मुठीच्या पट्टीखाली सरकवून वर पट्टी घट्ट ओढलीही त्यानेच. हे करायला दोन्ही हात लागतात आणि थोडा वेळही लागतो. तेवढ्या वेळात माणूस थांबू शकतो.

धुरातून पांढरे बूट आले. कालिस्तो वाकून, डोळे चोळीत, एकेकाचा चेहरा पाहत चालला होता आणि हाका मारीत होता. "लिनो! लिनो, कुठं आहेस?" त्याने लिनोला पाहिले आणि त्याच्या तोंडावर सुटकेचा भाव आला. त्याने हात पुढे केला. "ऊठ, चल, धूर नाकात जाऊ देऊ नको." मुठी गालांपाशी नव्हत्या. चेहरा पूर्ण उघडा होता.

लिनो त्या हाताला धरून उठला, आणि उठता उठता उजव्या मुठीने त्याने डाव्या भुवईवर मारले.

आवाज ओल्या लाकडावर कुऱ्हाड पडावी तसा झाला. भुवई नाकापासून कानशिलापर्यंत उघडली. क्षणभर आत पांढरे हाड दिसले, स्वच्छ आणि कोरडे. मग त्यावर रक्त आले, आणि एकदा आले ते डोळा, गाल, हनुवटी, गळा सगळीकडून उतरू लागले. कालिस्तो एका गुडघ्यावर आला. लिनोने पुन्हा मारले. नाक एका बाजूला गेले. तिसरा गुद्दा तोंडावर बसला, आणि लिनोच्या स्वतःच्या बोटांची हाडे त्या दगडावर चुरडल्याचे त्याला जाणवले. फरशी आता कोरडी नव्हती.

मग लिनोने पट्टी सोडली, दगड खाली टाकला, हात बाजूला लोंबत सोडले आणि चेहरा पुढे केला.

"मार," तो म्हणाला. "आता तू मार. तोंडावर मार."

कालिस्तो उभा राहिला. त्याचा डावा हात सवयीने वर आला, आणि लिनोने डोळे मिटून घेतले. त्या घडीला तो इतका सुखी होता की तसा तो गेल्या दोन वर्षांत झाला नव्हता. काही घडले नाही. त्याने डोळे उघडले तेव्हा कालिस्तोने तोच हात भुवईवर दाबून धरला होता, जखम किती लांब आहे हे बोटांनी चाचपीत होता, आणि एका उघड्या डोळ्याने लिनोकडे पाहत होता. त्या डोळ्यात राग असता तर बरे झाले असते. मग तो वळला आणि धुरातून, लोकांना खांद्याने बाजूला सारीत, चालता झाला.

धूर ओसरल्यावर वरल्यांनी लिनोला उचलून धरले. देमेत्रियो काकाने स्वतःच्या हाताने त्याला वाडगा दिला.

"यंदा बटाटे बघ कसे येतात," तो म्हणाला. "सुरुवातीला वाटलं, पोरगं आपली अब्रू घालवतंय. पण शेवटी सांडलंस बाबा." मग त्याने लिनोची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे फिरवले आणि जरा गोंधळला. "तुला कुठंच लागलं नाही? ओरखडासुद्धा नाही?"

बेनिता मात्र खाली पडलेल्या पट्टीकडे आणि तिच्याजवळच्या दगडाकडे पाहत होती. शेवटी तिने पायाने तो दगड दूर लोटला आणि म्हणाली, "जा. ट्रक निघायच्या आत जा."

लिनो धावत निघाला. धावताना पोटात कळ येत होती. शहराकडे जाणारा ट्रक बाजाराच्या कडेला उभा होता; मागच्या उघड्या हौद्यात माणसे, पोती आणि बांधलेल्या मेंढ्या दाटीने भरल्या होत्या. कालिस्तो फळीला टेकून बसला होता. कोणीतरी त्याच्या डोक्याला शाल गुंडाळली होती आणि ती एका बाजूने काळी पडली होती. एक बाई त्याला पाणी पाजीत होती. तिने लिनोला पाहिले आणि भांडे खाली घेतले.

लिनोने फळीला हात घातला. चुरडलेली बोटे वळेनात, म्हणून त्याने मनगट अडकवले. त्याला माफी मागायची नव्हती. माफी कशी मागतात हे दोघांना कधी शिकावेच लागले नव्हते.

"कालिस्तो, खाली उतर. दगड मी धरला होता. तू दोन धर. मी हलणार नाही. मग आपण गळ्यात पडू. असं सोडून जाऊ नकोस रे, नासेल सगळं."

कालिस्तोने सावकाश मान वळवली. ओठ सुजल्यामुळे त्याला शब्द जुळवून बोलावे लागत होते, आणि ते त्याने क्वेचुआत जुळवले नाहीत. तो स्पॅनिशमध्ये बोलला. ज्या भाषेत आमची माणसे शिक्षकाशी, फौजदाराशी आणि दुकानदाराशी बोलतात, आणि ज्या भाषेत त्या दोघांनी आजवर एकमेकांना एक शिवीसुद्धा दिली नव्हती.

"तुम्ही जरा बाजूला व्हा, साहेब," तो म्हणाला. "गाडी निघते आहे. तुम्हांला लागेल."

त्यात टोमणा नव्हता. लिनोने तो शोधून पाहिला. टोमणा असता तर त्याला धरून पुढे काही बोलता आले असते. इंजिन सुरू झाले, फळी थरथरू लागली. इतक्या आदराने कोणी सांगितल्यावर माणसाला वाद घालता येत नाही. लिनोने मनगट सोडवून घेतले आणि तो बाजूला झाला.